इंजिन धडधाकट, तरी बोट उठेना

मालवणजवळच्या देवबागमधल्या एका प्रवासी बोटीचं हे प्रकरण आहे. मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, आणि मालकांच्या संमतीने हे लिहितो आहे. त्यांचं नाव, बोटीचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. आकडे मात्र माझ्या वहीतले, तसेच्या तसे दिले आहेत.

पार्श्वभूमी

देवबाग म्हणजे एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधे माडांनी भरलेली चिंचोळी पट्टी. टोकाला संगम आणि त्सुनामी बेट. डॉल्फिन बघायला आणि बेटावर जायला पर्यटक इथूनच बोटीत बसतात. बोट साधारण 20 फुटी, फायबरची, मागे 60 हॉर्सपॉवरचं फोर स्ट्रोक इंजिन. परवान्यावर आठ प्रवासी आणि दोन खलाशी. मे संपता संपता बोटी वर काढायच्या, पावसाळा किनाऱ्यावर काढायचा आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा पाण्यात घालायच्या, असा इथला क्रम.

या बोटीचं वय सात वर्षं. इंजिन चार वर्षांचं, सुमारे 1,100 तास चाललेलं. पाण्यात फिरून बोट ढकलणारा पंखा 12 इंच पिचचा, म्हणजे पाणी घट्ट असतं तर एका फेऱ्यात बोटीला बरोबर एक फूट पुढे ढकलेल असा. हा एक फूट पुढे हिशेबाला उपयोगी पडणार आहे.

ज्यांनी अशी बोट कधी चालवली नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट आधी सांगतो. आमच्याकडे ‘बोट उठली’ म्हणतात. वेग कमी असताना बोट पाण्यात बुडून, पाणी बाजूला सारत चालते. वेग वाढवला की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर येते, मागचा भाग खाली बसतो आणि थोडा वेळ बोट जणू स्वतःच उभा केलेला चढ चढत असते. तो चढ ओलांडला की नाळ खाली येते, बुडाखालचं पाणी बोटीला उचलून धरतं आणि ती पाण्याच्या पाठीवरून धावायला लागते. सगळी कसोटी त्या चढावर असते. बैलगाडीत दोन पोती जास्त असली तर सपाटीवर कळत नाही, घाटात कळतं. बोटीचं तसंच आहे. थोडं वजन वाढलं की ती थोडी हळू उठते, आणखी थोडं वाढलं की मुळीच उठत नाही.

अडचण काय होती

नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून बोट जडावल्यासारखी झाली. गेल्या हंगामात दोन खलाशी आणि सहा प्रवासी घेऊन ती नऊ सेकंदांत उठायची. हे नुसत्या आठवणीवर सांगत नाही. मालकांच्या पुतण्याने गेल्या जानेवारीत मोबाइलवर काढलेला एक व्हिडिओ आहे. त्यात आरपीएमचा (इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणारा) काटा, नाळ आणि पुढचं पाणी एकाच चौकटीत दिसतं. पोराने गंमत म्हणून काढला होता, पण पुढे या प्रकरणात तोच सगळ्यात मोलाचा पुरावा ठरला. त्यात काटा 5,400 वर स्थिर दिसतो.

आता तेवढीच माणसं बसवली की नाळ वर जायची आणि वरच राहायची. मागे फेसाचा ढीग, इंजिनाचा आवाज मोठा आणि बोट मात्र तिथल्या तिथे. प्रवाशांना काही कळायचं नाही, पण बोट हाकणाऱ्या तांडेलाला घाम फुटायचा. कारण साधं आहे. संगमावर वाळूच्या पट्ट्यावर लाट फुटते. मागून लाट येताना तिच्यापुढे निघून जाण्याची ताकद बोटीत नसेल तर बोट आडवी व्हायला वेळ लागत नाही. मंद चालणारी बोट म्हणजे नुसता वेळेचा आणि पेट्रोलचा खोळंबा नव्हे.

माझ्याकडे येण्याआधी तिघांनी बघितलं होतं. पहिल्याने प्लग आणि पेट्रोल फिल्टर बदलले. दुसऱ्याने इंजिनाला लॅपटॉप लावला, एकही दोष नोंदलेला नव्हता. तरीही त्याने 10 इंच पिचचा नवा पंखा घ्यायला लावला. काटा साडेतीनशे फेऱ्यांनी वर गेला. चार-पाच माणसं असली तर बोट कशीबशी उठू लागली, पण भरली की पुन्हा तेच. तिसऱ्याने निदान केलं की इंजिन थकलं, आता 90 हॉर्सपॉवरचं घ्या. खर्च आठ लाखांच्या घरात जाणार होता. बँकेत विचारणाही झाली होती.

पहिला प्रश्न आणि पहिली चाचणी

मालक म्हणाले, ‘‘मेस्त्री, इंजिन खलास झाला असा सगळे सांगतत. तुम्ही एकदा बघा.’’ मी एकच विचारलं, बोट उठत नाही तेव्हा काटा कुठे असतो? मालकांनी आवाजाबद्दल सांगितलं. उत्तर तांडेलाने दिलं, ‘‘काटो चार हजाराच्या वर जायना नाय.’’

या एका उत्तराने अर्धी कारणं बाद होतात. काटा वर पळतो आणि बोट मागे राहते, तेव्हा पंखा हवा ओढत असतो किंवा पंख्याच्या आतलं रबरी बुश निसटत असतं. इथे काटाच वर जात नव्हता. त्याचे अर्थ दोनच. एक तर इंजिन पूर्ण ताकद देत नाही, नाही तर देतं आहे पण समोरचं ओझं त्याला झेपत नाही. तीन माणसांनी बोट तपासली, पण हा फरक कोणी कागदावर मांडला नव्हता.

9 डिसेंबरला सकाळी सहाला, पर्यटक यायच्या आत, नदीच्या आतल्या बाजूला चाचणी घेतली. मूळचा 12 इंची पंखा परत लावला. चाचणीची जागा मुद्दाम प्रवासी बोटींच्या वाटेपासून दूर ठेवली. 18 डिसेंबर 2024 ला मुंबईच्या समुद्रात इंजिनाच्या चाचणीवर असलेली नौदलाची स्पीडबोट ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. त्यानंतर तरी ज्याच्या हातात थ्रॉटल, म्हणजे वेगाचा दांडा, आहे त्याने चाचणीची जागा निवडताना दोनदा विचार करावा.

दोन माणसं असताना बोट 14 सेकंदांनी उठली, काटा 5,100. पूर्वी हीच बोट दोघांना घेऊन पाच सेकंदांत उठायची आणि काटा 5,700 पर्यंत जायचा. मग वाडीतली सहा माणसं बसवली. काटा 3,900 वर अडला, मोबाइलवर वेग आठ नॉट (ताशी सुमारे पंधरा किलोमीटर), नाळ आकाशाकडे. दहा मिनिटं तसंच चालवल्यावर काटा आणखी घसरून 3,500 वर आला.

त्या क्षणी मी पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा हातात धरला. तो चपटा झाला होता, आंब्याची बाठ चोखून टाकावी तसा. फुगा चपटा होतो म्हणजे अडथळा त्याच्या मागे, टाकीकडे आहे. टाकीचं झाकण सैल केलं तर आत हवा खेचल्याचा लांब सुस्कारा ऐकू आला आणि फुगा हातातच हळूहळू गोल झाला. टाकीला हवा घेण्याची जी नळी असते तिच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं. बोट पावसाळाभर किनाऱ्यावर, नळीचं तोंड उघडं, आणखी काय होणार! तारेने माती काढली. फिल्टरच्या भांड्यात तळाला चमचाभर पाणीही मिळालं, ते ओतून टाकलं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. बोटीच्या इंजिनांचे बहुतेक उत्पादक 10 टक्क्यांपर्यंतच चालेल असं सांगतात. खाऱ्या, दमट हवेत हे भांडं रोज बघणं आता भाग आहे.

जिथे मी चुकलो

यानंतर दोघांना घेऊन पुन्हा चाचणी घेतली. 12 सेकंद, काटा 5,250. सुधारणा दिसली, दोष हातात आला होता, मालकांचा चेहराही खुलला. ‘‘घ्या, चालवा,’’ म्हणून मी घरी आलो.

हा निर्णय चुकीचा होता. गेल्या हंगामाचे पाच सेकंद आणि 5,700 माझ्या वहीत त्याच पानावर लिहिलेले होते. बारा म्हणजे पाच नव्हे. शिवाय भरलेल्या बोटीची तक्रार असताना मी रिकाम्या बोटीची चाचणी घेऊन निघालो. दुसऱ्या दिवशी आठजण घेऊन बोट संगमापर्यंत गेली आणि 4,050 वर अडकली. तांडेल जाणता, त्याने लाट फुटते तिथे न जाता बोट वळवून परत आणली. मला फोन आला तो दुपारी.

कुंभारणीचं घर खरंच होतं आणि दहा मिनिटांनी काटा घसरण्याचं कारणही तेच होतं. पण बोट न उठण्याचं मुख्य कारण ते नव्हतं. एक दोष सापडल्याच्या समाधानात मी दुसऱ्याचा शोध सोडून दिला होता.

पुन्हा पहिल्यापासून

या वेळी एकेक गोष्ट वेगळी काढायची ठरवली. आधी इंजिन. दुसऱ्या स्वच्छ डब्यातलं पेट्रोल, दुसरी नळी, तरीही भरल्या बोटीत काटा 4,050. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा दाबली जाण्याचा दाब, एकमेकांच्या पाच पौंडांच्या आत. थ्रॉटलची केबल पूर्ण उघडते हे डोळ्यांनी बघितलं. तापमान आणि ऑइल ठीक, म्हणजे इंजिन स्वतःला वाचवायला ताकद आवरून धरत होतं असंही नाही.

मग पंखा. शेजारच्या वाडीत याच साच्यातून निघालेली, तेच इंजिन असलेली बोट आहे. दोघांनी पंखे अदलाबदल केले. पंधरा मिनिटांचं काम, एक पिन आणि एक नट, खर्च शून्य. आमचा पंखा लावून शेजारची बोट आठजणांसह नऊ सेकंदांत उठली. तिचा पंखा लावून आमची उठली नाही. पंखा निर्दोष.

इथे एक फुटाचा हिशेब मांडला. या इंजिनात गिअरमुळे पंख्याचा एक फेरा व्हायला इंजिनाचे 1.85 फेरे लागतात. 3,900 ला पंखा मिनिटाला सुमारे 2,100 फेरे घेतो, म्हणजे 2,100 फूट जायला हवं. ते होतात जवळजवळ 21 नॉट. बोट जात होती आठ. गेल्या वर्षीचे 5,400 तसेच मांडले तर 29 नॉटच्या आसपास येतात आणि प्रत्यक्षात बोट 21 जायची. थोडीफार घट कुठल्याही पंख्यात असतेच. आताची घट मात्र चढावर अडकलेल्या बोटीची होती. इंजिन ढकलत होतं, ओझं हलत नव्हतं.

ओहोटीला बोट वाळूवर घेऊन बूड बघितलं. थोडं शेवाळ होतं, शिंपले नव्हते. ते खरवडून काढताना तांडेलाने हात दाखवला तो बुडाकडे नव्हे, बाजूकडे. बुडाला लावलेल्या निळ्या रंगाची वरची रेघ आणि शेवाळाची हिरवी रेघ, पूर्वी हिरवी निळीच्या खाली असायची. आता ती चार-पाच सेंटीमीटर वर, पांढऱ्या रंगावर चढली होती. नोव्हेंबरपासून ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. एवढ्या आकाराची बोट एक सेंटीमीटर खाली बसायला साधारण 75 किलो लागतात. पाच सेंटीमीटर म्हणजे पावणेचारशे किलो, आणि तेही बोटीत कोणी नसताना.

अंदाजावर पुन्हा चुकायचं नव्हतं. ट्रॉली मागून आणली, बोट तिच्यावर चढवली आणि थेट वजनकाट्यावर नेली. चिऱ्यांच्या ट्रकांमागे रांगेत बोट उभी, काट्यावरचा माणूस दोनदा बाहेर येऊन बघून गेला. ट्रॉलीसकट 1,590 किलो. ट्रॉली एकटी 440. म्हणजे बोट 1,150. कागदावर हिशेब असा होता: बोटीचा साचा 550, इंजिन 112, बॅटरी 18, अर्धी टाकी पेट्रोल 37, छप्पर आणि बाकं 45, नांगर, दोर, लाइफ जॅकेटं मिळून 25. बेरीज 787. वर 360 किलो कुठून आले?

प्रवासी चढायच्या आधीच बोटीत पाच माणसं बसलेली होती.

पाणी कुठे होतं

अशा बोटीत डेकच्या खाली, बूड आणि डेक यांच्या मधल्या पोकळीत फोम भरलेला असतो. बोटीत पाणी शिरलं तरी ती तळाला जाऊ नये म्हणून. होल-सॉने डेकला मागच्या बाजूला चार इंची भोक पाडून फोमचा गड्डा काढला. वरचा दोन इंचाचा थर पिवळा, कोरडा, हलका. त्याखालचा तपकिरी आणि दाबला की बोटांमधून पाणी. वास बंद पडलेल्या विहिरीसारखा. लिटरभर आकाराचा हा गड्डा मासळीच्या काट्यावर 640 ग्रॅम भरला. कोरडा असता तर 30-35 ग्रॅमपेक्षा जास्त भरायला नको होता.

पाणी शिरलं ते खालून नव्हे, वरून. दोन वर्षांपूर्वी लाकडी छप्पर काढून पाइपांचं बसवलं होतं. त्याच्या चार खांबांचे सोळा बोल्ट डेक आरपार भोकं पाडून नुसते आवळले होते, सीलंटचा पत्ता नव्हता. त्यावर दोन पावसाळे. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बोट किनाऱ्यावर, ताडपत्री फाटलेली, मागचं बूच लावलेलं. डेकवर साचलेलं पाणी बोल्टांच्या कडेने खाली झिरपत राहिलं आणि खाली गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नव्हती. पहिल्या वर्षी थोडं भिजलं ते कोणाला जाणवलं नाही. दुसऱ्या पावसाने बोट चढावर अडू लागली.

काय काय करता येत होतं

हातात तारीख 14 डिसेंबर होती. नाताळ आणि 31 डिसेंबर तोंडावर. वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा याच दोन आठवड्यांत होतो, त्यामुळे मालकांची घालमेल मला कळत होती.

90 हॉर्सपॉवरचं इंजिन घेतलं असतं तर बोट उठली असती, हे खरं आहे. म्हणूनच तो पर्याय घातक होता. ते इंजिन 45-50 किलो जास्त जड, ते लटकणार मागच्या फळीवर, आणि त्या फळीच्या आतलं प्लायवूड कोरडं आहे का हे कोणी बघितलंच नव्हतं. मी हातोडीच्या दांड्याने फळी वाजवत गेलो. वर खणखणीत आवाज, खालच्या बोल्टांपाशी थबथब. ओल्या फळीवर मोठं इंजिन लावून पूर्ण थ्रॉटल दिला असता तर काय झालं असतं याची कल्पना मला आजही करवत नाही.

दुसरा पर्याय होता बुडाच्या मधोमध जाणाऱ्या कण्यालगत भोकं पाडून पाणी निथळवण्याचा. स्वस्त, पण फोममध्ये मुरलेलं पाणी निथळत नाही. पाच-दहा लिटर गळलं असतं आणि मनाची समजूत झाली असती.

तिसरा, डेक कापून सगळा ओला फोम काढायचा. काम एक महिन्याचं.

चौथा, प्रवासी चारवर आणून हंगाम तसाच रेटायचा आणि मे महिन्यात काम करायचं. मालकांचा कल इकडे होता. माझा विरोध वेगाच्या कारणाने नव्हता. बोटीत पाणी भरलं तर तिला तरंगती ठेवणारा तो फोमच निकामी झाला होता. 24 मे 2022 ला तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, ते या किनाऱ्यावर कोणी विसरलेलं नाही.

काय ठरलं, काय केलं

शेवटी तडजोड झाली. 3 जानेवारीपर्यंत बोट फक्त नदीत, संगमाच्या आत, चारच प्रवासी घेऊन चालवायची आणि 4 तारखेला वर काढायची. बोल्टांभोवती तात्पुरतं सीलंट भरलं. मालकांनी शब्द पाळला, एकदाही बोट बाहेर नेली नाही.

4 जानेवारीला बोट माडाखाली चढवली. ग्राइंडरने डेकचे तीन तुकडे कापून उचलले. फोम खुरप्याने आणि फावड्याने काढावा लागला, 31 गोणी झाल्या. मग बारा दिवस नुसतं वाळवणं. जानेवारीतली इथली हवा कोरडी, दिवसा ऊन आणि रात्री दोन पंखे, दोन हॅलोजनचे दिवे. या बारा दिवसांत मालकांचा भाऊ रोज विचारायचा की आता भरू या ना. नाही म्हणत राहणं हे या कामातलं सगळ्यात अवघड काम होतं, कारण ओल्या फायबरवर काही चिकटत नाही आणि झाकलेली ओल परत निघत नाही. मागच्या फळीचा खालचा भाग कापून नवीन मरीन प्लाय घातलं.

नवीन फोमसाठी थर्मोकोलसारखे तयार ठोकळे स्वस्त पडत होते. पण पॉलिएस्टर रेझिन लागलं की ते विरघळतात, पेट्रोलनेही विरघळतात. म्हणून ओतून फुगणारा पॉलियुरेथेन फोम घेतला. तो ओतण्याआधी कण्यावर पुढून मागपर्यंत उभा चिरलेला पीव्हीसी पाइप पालथा ठेवला. फोम त्याच्यावर बसला आणि खाली पाण्याला वाट राहिली. मागे बूच, आणि डेकवर चार ठिकाणी हात घालता येईल अशी फिरकीची झाकणं. खांबांची सोळा भोकं आधी मोठी केली, एपॉक्सीने भरली, मग त्यातून पुन्हा भोक पाडून सीलंटसकट बोल्ट घातले. आता एखादा बोल्ट सैल झाला तरी पाणी फोमपर्यंत पोचायला एपॉक्सीची भिंत आडवी येईल.

परिणाम

2 फेब्रुवारीला बोट पाण्यात गेली. त्याआधी पुन्हा त्याच वजनकाट्यावर, 810 किलो. नवीन फळी, झाकणं आणि एपॉक्सीचे वीस-पंचवीस किलो धरले तर हिशेब जुळतो.

तेच आठजण, तीच जागा, तीच सकाळची वेळ, 12 इंची पंखा. तांडेलाने थ्रॉटल पुढे नेला, नाळ वर आली आणि आठव्या सेकंदाला खाली टेकली. काटा 5,400, वेग 21 नॉट. कोणी काही बोललं नाही, फक्त मालकांनी टोपी काढून हातात घेतली. दोघांना घेऊन पाच सेकंद, 5,700. 10 इंचीचा पंखा लावून बघितला तर रिकाम्या बोटीत काटा 6,000 च्या पलीकडे जाऊ लागला, म्हणजे इंजिनाच्या मर्यादेबाहेर. तो आता जादाचा म्हणून ठेवला आहे.

साहित्य, मजुरी, ट्रॉली मिळून खर्च 95,000 च्या आसपास झाला. 29 दिवसांचा धंदा बुडाला तो वेगळा. कर्जाचा अर्ज मालकांनी मागे घेतला.

वेगळं काय करता आलं असतं

वजन पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. काट्याची पावती दीडशे रुपयांची, ट्रॉलीचं भाडं धरूनही एका पंख्याच्या किमतीच्या कितीतरी खाली. पण बोट उठत नाही म्हटलं की सगळ्यांची नजर मागे, इंजिनाकडे जाते. माझीही गेली. माझी भाकरी इंजिनावर आहे, म्हणून मला आधी इंजिनच दिसलं.

10 इंची पंख्याचा निर्णय मला जास्त सलतो. कमी पिचचा पंखा लावला की इंजिनाला फिरणं सोपं जातं, त्यामुळे बोट सुधारल्यासारखी वाटते. त्या सुधारणेत तीन आठवडे गेले आणि त्या तीन आठवड्यांत बोट आठ प्रवासी घेऊन समुद्रात जात होती. पंखा बदलण्याआधी कोणीतरी एवढं विचारायला हवं होतं की गेल्या वर्षी याच पंख्यावर बोट उठत होती ना, मग आता काय बदललं?

तडजोडीबद्दल अजून माझं मन स्वच्छ नाही. चार प्रवासी, शांत नदी, सगळ्यांच्या अंगावर जॅकेटं, हे सगळं मान्य. पण ज्या बोटीचा फोम पाण्याने भरलाय हे मला माहीत होतं तिच्यात 20 दिवस माणसं बसली. पुन्हा वेळ आली तर मी बोट त्याच दिवशी वर काढायला सांगेन आणि तेवढे दिवस शेजारची बोट भाड्याने मिळते का ते बघायला मालकांबरोबर स्वतः जाईन. त्या वेळी हे मला सुचलं नाही.

तांडेलाला आधी विचारायला हवं होतं, हेही आहे. बोट रोज त्याच्या हाताखाली असते. शेवाळाची रेघ वर चढल्याचं त्याने दिवाळीच्या सुमारास एकदा बोलून दाखवलं होतं. बूड धुवायला झालंय, एवढाच अर्थ सगळ्यांनी घेतला.

मे महिन्याच्या शेवटी बोट वर काढायच्या दिवशी मालकांनी स्वतःहून फोन केला. ट्रॉली आधीच ठरवून ठेवली होती. काट्यावर 820 किलो. दहा किलोचा फरक काट्याच्या एका पायरीचाही असू शकतो, टाकीत थोडं जास्त पेट्रोल राहिलं असेल तर त्याचाही. तरी आम्ही चारही झाकणं उघडली. मालकांनी गुडघे टेकून, बाही वर सारून, मागच्या झाकणातून कोपरापर्यंत हात आत घातला आणि पाइपाखाली फिरवून बाहेर काढला. तळवा कोरडा होता.